व्हिडिओ गेममधील विविधतेची परिभाषा

व्हिडिओ गेममधील विविधतेची परिभाषा म्हणजे व्हिडिओ गेममधील पात्रे, गेम खेळणारे लोक आणि गेम बनवणारे लोक यांच्यातील लिंगभाव, वंश, संस्कृती, लैंगिकता, वय आणि शारीरिक क्षमता या भेदांविषयी बोलताना वापरल्या जाणाऱ्या संज्ञांचा समूह होय. ‘प्रतिनिधित्व’, ‘समावेशकता’, ‘सुगम्यता’, ‘नाममात्र समावेश’, ‘ऐतिहासिक अचूकता’, ‘लादलेली विविधता’ या त्यांतील काही प्रमुख संज्ञा आहेत. यांपैकी बहुतेक संज्ञा इंग्रजीत, मुख्यतः अमेरिकेतील विद्यापीठे, गेम उद्योग आणि खेळाडूंच्या चर्चांमध्ये रूढ झाल्या व तेथून इतर भाषांत गेल्या.

या संज्ञा केवळ वर्णनात्मक नाहीत. कोणते पात्र ‘सर्वसाधारण’ आणि कोणते ‘वेगळे’ हे पुष्कळदा शब्दाच्या निवडीतूनच ठरते. त्यामुळे एखाद्या गेमविषयीचा वाद अनेकदा प्रत्यक्ष गेमपेक्षा त्याविषयी वापरलेल्या शब्दांवर केंद्रित झालेला दिसतो.

व्याप्ती

‘व्हिडिओ गेममधील विविधता’ हा शब्दप्रयोग तीन भिन्न गोष्टींसाठी केला जातो. पडद्यावर कोण दिसते, गेम कोण खेळते आणि गेम कोण बनवते, हे ते तीन प्रश्न होत. तिन्ही प्रश्न एकमेकांशी निगडित असले तरी त्यांची उत्तरे सारखी नसतात. स्त्री नायिका असलेला गेम बहुतांशी पुरुषांच्या चमूने बनवलेला असू शकतो. तसेच खेळाडूंमध्ये स्त्रियांचे प्रमाण मोठे असूनही पात्रांमध्ये ते अल्प असू शकते. चर्चेत यांपैकी कोणत्या प्रश्नाविषयी बोलले जात आहे हे स्पष्ट न केल्यास एकाच शब्दाखाली वेगवेगळे वाद एकमेकांत मिसळतात.

‘प्रतिनिधित्व’ या संज्ञेबाबतही अशीच संदिग्धता आहे. तिच्यामागील इंग्रजी शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ चित्रण, म्हणजे एखादा समूह कसा दाखवला जातो. दुसरा अर्थ प्रतिनिधित्व, म्हणजे त्या समूहाच्या वतीने कोणीतरी उपस्थित असणे. एखादे पात्र कसे रंगवले आहे याविषयीची टीका आणि ते पात्र साऱ्या समाजाच्या वतीने उभे आहे ही अपेक्षा, या दोन्ही गोष्टी इंग्रजीत एकाच शब्दाने व्यक्त होतात. एकट्या पात्रावर संपूर्ण समूहाचा भार पडतो, या तक्रारीचे मूळ काही अंशी या दुहेरी अर्थात आहे.

सुरुवातीचा काळ

इ.स. १९८० च्या दशकातील गेममध्ये पात्रांची संख्या थोडी आणि चित्रणाची साधने मर्यादित होती. त्यामुळे पात्राची ओळख मोजक्या खुणांनी आणि पुस्तिकेतील एखाद्या वाक्याने करून दिली जाई. १९८१ मधील ‘डाँकी काँग’ या गेममध्ये नायकाने सोडवावयाच्या स्त्रीला आरंभी ‘लेडी’ एवढेच नाव होते. ‘पॉलिन’ हे नाव तिला नंतर मिळाले. १९८२ मध्ये आलेल्या ‘मिझ पॅक-मॅन’ची नायिका मूळ पॅक-मॅनच्याच आकृतीवर फीत, ओठांची लाली आणि गालावरचा तीळ चढवून तयार करण्यात आली होती. तिचे नाव ठरवताना अविवाहित स्त्रीसाठीचे ‘मिस’ आणि विवाहितेसाठीचे ‘मिसेस’ हे पर्याय पुढे आले होते. अखेरीस वैवाहिक स्थिती न सांगणारे ‘मिझ’ हे संबोधन निवडण्यात आले.

१९८६ मध्ये जपानमध्ये प्रकाशित झालेल्या ‘मेट्रॉइड’ या गेमची नायिका सॅमस अरान संपूर्ण गेमभर अंतराळ-चिलखतात वावरते. ठरावीक वेळेच्या आत गेम पूर्ण करणाऱ्या खेळाडूलाच ती स्त्री असल्याचे अखेरीस दिसते. हे गुपित राखण्यासाठी इंग्रजी पुस्तिकेत तिच्यासाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरले होते. चिलखतातील योद्धा पुरुषच असणार, हे खेळाडूने गृहीत धरल्याखेरीज अशा शेवटाला आश्चर्याचे मूल्य उरत नाही. म्हणूनच सर्वनामाच्या निवडीतून ‘सर्वसाधारण’ पात्राची कल्पना कशी घडते, हे सांगण्यासाठी हे उदाहरण वारंवार दिले जाते.

अभ्यासक्षेत्रातील संज्ञा

१९९० च्या दशकात मुलींसाठी स्वतंत्र गेम बनवण्याची चळवळ अमेरिकेत उभी राहिली. १९९६ मधील ‘बार्बी फॅशन डिझायनर’ या गेमला मोठे व्यावसायिक यश मिळाले. ब्रेंडा लॉरेल यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘पर्पल मून’ या कंपनीनेही मुलींसाठी गेम तयार केले. या गेमना ‘गुलाबी गेम’ म्हटले जाई. जस्टिन कॅसेल आणि हेन्री जेन्किन्स यांनी संपादित केलेल्या ‘फ्रॉम बार्बी टू मॉर्टल कॉम्बॅट’ (१९९८) या ग्रंथात या चळवळीची दोन्ही अंगे मांडली गेली. मुलींसाठी वेगळे गेम बनवल्याने त्यांना या माध्यमात प्रवेश मिळतो. परंतु त्याच कृतीने उरलेले सर्व गेम मुलांचे ठरतात, असा हा पेच होता.

लिसा नाकामुरा यांनी १९९५ मध्ये ‘अस्मिता-पर्यटन’ ही संकल्पना मांडली. आभासी जगात दुसऱ्या वंशाचे किंवा लिंगाचे रूप घेऊन वावरणारी व्यक्ती पर्यटकाप्रमाणे असते. ते रूप तिला हवे तेव्हा उतरवून ठेवता येते आणि त्या समूहाच्या वाट्याला येणारे परिणाम तिला भोगावे लागत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये मांडलेली ‘पुरुषी नजर’ ही संज्ञाही गेमच्या समीक्षेत आली. ‘टूम रेडर’ (१९९६) मधील लारा क्रॉफ्ट या पात्राविषयीच्या चर्चेत तिचा विशेष वापर झाला. लारा ही स्वावलंबी नायिका की पुरुष खेळाडूंसाठी रचलेली प्रतिमा, हा त्या चर्चेचा गाभा होता.

२००९ मध्ये दिमित्री विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १५० गेममधील पात्रांची गणना प्रसिद्ध केली. तीत पुरुष, गोरे आणि प्रौढ यांचे प्रमाण वास्तव लोकसंख्येच्या तुलनेत अधिक, तर स्त्रिया, हिस्पॅनिक, मूळ अमेरिकी, मुले आणि वृद्ध यांचे प्रमाण कमी आढळले. या अभ्यासामुळे ‘अतिप्रतिनिधित्व’ आणि ‘न्यूनप्रतिनिधित्व’ या संख्यावाचक संज्ञांना आधार मिळाला.

अनिता सार्कीसियन यांच्या ‘ट्रोप्स व्हर्सेस विमेन इन व्हिडिओ गेम्स’ या चित्रफीत-मालिकेने अभ्यासातील अनेक संज्ञा सामान्य खेळाडूंपर्यंत पोहोचवल्या. मालिकेसाठी २०१२ मध्ये लोकवर्गणी जमवण्यात आली आणि पहिला भाग मार्च २०१३ मध्ये प्रदर्शित झाला. ‘संकटग्रस्त ललना’ हा साचा, म्हणजे नायकाला कार्यप्रवृत्त करण्यापुरते जिचे अपहरण होते अशी स्त्री, आणि ‘मिझ पॅक-मॅन’सारखी, पुरुष पात्राला केवळ स्त्रीसूचक खुणा जोडून बनवलेली पात्रे, यांचे विवेचन तीत होते. या मालिकेमुळे सार्कीसियन यांना तीव्र छळ आणि धमक्यांना सामोरे जावे लागले.

‘नाममात्र समावेश’ ही संज्ञा समाजशास्त्रातून आली आहे. समूहातील एखाद-दुसरी व्यक्ती केवळ देखाव्यापुरती सामावून घेणे, असा तिचा अर्थ आहे. एड्रियन शॉ यांनी ‘गेमिंग ॲट द एज’ (२०१४) या ग्रंथात प्रतिनिधित्वाच्या प्रचलित युक्तिवादालाच प्रश्न केला. खेळाडूला आपल्यासारखे पात्र हवे असते आणि ते दिल्यास नवा ग्राहकवर्ग मिळतो, अशा समर्थनामुळे विविधता ही त्या-त्या समूहाची खास मागणी ठरते. त्याऐवजी ती सर्वांसाठी बनणाऱ्या गेमचा सहज भाग असावी, अशी त्यांची भूमिका आहे.

पात्रनिर्मितीच्या पडद्यावरील शब्द

अनेक गेममध्ये खेळाडूला आरंभीच स्वतःचे पात्र घडवता येते. या पडद्यावरील पर्यायांची नावे हा परिभाषेतील बदलाचा सर्वांत दृश्य भाग आहे.

‘वंश’ : कल्पनारम्य गेममध्ये मानव, एल्फ, ड्वॉर्फ, ऑर्क अशा जमातींसाठी इंग्रजीत दीर्घकाळ ‘रेस’ हा शब्द रूढ आहे. तो मुख्यतः १९७४ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या पटावरील भूमिका-खेळाद्वारे व्हिडिओ गेममध्ये आला. एखाद्या ‘वंशा’ला जन्मतःच अधिक बुद्धी, कमी बुद्धी किंवा दुष्ट स्वभाव बहाल करण्याची पद्धत वास्तवातील वंशवादी कल्पनांचे प्रतिबिंब आहे, अशी टीका झाली. ‘पाथफाइंडर’ या भूमिका-खेळाच्या २०१९ मधील दुसऱ्या आवृत्तीने त्याऐवजी ‘पूर्वजपरंपरा’ या अर्थाचा शब्द स्वीकारला. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांनी डिसेंबर २०२२ मध्ये ‘रेस’ हा शब्द सोडून ‘प्रजाती’ या अर्थाचा शब्द घेत असल्याचे जाहीर केले. हा नवा शब्दही निर्दोष मानला गेला नाही. जीवशास्त्रातील संज्ञेमुळे भेद अधिकच जन्मजात व अपरिवर्तनीय भासतो, असा आक्षेप काहींनी घेतला.

‘पुरुष/स्त्री’ : ‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ (२०२०) मध्ये लिंग न विचारता खेळाडूला ‘शैली’ निवडण्यास सांगितले जाते. ‘एल्डन रिंग’ (२०२२) मध्ये शरीराचे ‘प्रकार ए’ आणि ‘प्रकार बी’ असे पर्याय आहेत. या नव्या नावांच्या समर्थकांच्या मते शरीर, आवाज आणि ओळख हे स्वतंत्र प्रश्न असल्याने ते स्वतंत्रपणे विचारले जावेत. विरोधकांच्या मते सर्वांना परिचित असलेले शब्द विनाकारण टाळले जात आहेत. केवळ नाव बदलून पर्याय दोनच ठेवले तर प्रत्यक्षात काही बदलत नाही, अशी टीका समावेशकतेच्या पुरस्कर्त्यांनीही केली आहे.

‘सर्वनाम’ : ‘सायबरपंक २०७७’ (२०२०) या गेममध्ये शरीर आणि आवाज वेगवेगळे निवडता येतात, परंतु पात्राचे सर्वनाम आवाजावरून ठरते. ‘फोर्झा होरायझन ५’ (२०२१) आणि ‘स्टारफिल्ड’ (२०२३) मध्ये सर्वनाम स्वतंत्रपणे निवडता येते. ‘द सिम्स ४’ मध्ये मे २०२२ पासून खेळाडूला सर्वनामे स्वतः लिहिण्याची सोय मिळाली. ती आरंभी केवळ इंग्रजी आवृत्तीत होती. ज्या भाषांमध्ये क्रियापदे व विशेषणेही लिंगानुसार बदलतात, तेथे केवळ सर्वनाम बदलून भागत नाही.

खेळाडूंसाठी वापरले जाणारे शब्द

‘गेमर’ या शब्दाचा शब्दशः अर्थ गेम खेळणारी व्यक्ती असा असला, तरी व्यवहारात तो दीर्घकाळ तरुण पुरुषांच्या एका विशिष्ट वर्गाशी जोडला गेला. गेम खेळणाऱ्या अनेक व्यक्ती, विशेषतः मोबाइलवर खेळणाऱ्या मध्यमवयीन स्त्रिया, स्वतःला गेमर म्हणवून घेत नाहीत. ‘गर्ल गेमर’ या शब्दातील विशेषणामुळे विशेषण नसलेला गेमर पुरुष असल्याचे गृहीत धरले जाते. ‘हार्डकोर’ आणि ‘कॅज्युअल’ या जोडीतही वरवर खेळण्याच्या वेळेचा व कौशल्याचा भेद असला, तरी ‘कॅज्युअल’ हा शब्द प्रामुख्याने स्त्रियांमध्ये लोकप्रिय असलेल्या गेमसाठी हिणवण्याच्या अर्थाने वापरला गेल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. २०१२ मध्ये ‘बॉर्डरलँड्स २’ च्या एका रचनाकाराने नवख्या खेळाडूंना सोपी जाणारी कौशल्यरचना समजावताना तिला ‘प्रेयसीसाठीचा प्रकार’ अशा अर्थाचे नाव मुलाखतीत दिले; त्यावरून मोठी टीका झाली.

काही शब्द विनोदातून रूढ झाले. २००८ मध्ये समीक्षक बेन क्रोशॉ यांनी संगणकावर गेम खेळणाऱ्यांच्या अहंगंडाची थट्टा करण्यासाठी नाझी परिभाषेतील ‘स्वामी वंश’ हा शब्दप्रयोग त्यांना लावला. पुढे त्यातील उपरोध मागे पडला आणि अनेक खेळाडूंनी तो स्वतःसाठी अभिमानाने स्वीकारला. मूळ ऐतिहासिक संदर्भामुळे हा शब्द टाळावा, असे मत नंतर काही नियतकालिकांतून मांडले गेले.

ध्वनिसंवादाची सोय असलेल्या ऑनलाइन गेममध्ये बोलण्याची ढबच ओळख उघड करते. किशोना ग्रे यांनी ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ या सेवेवरील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या अनुभवांचा अभ्यास केला. आवाज व उच्चार यांवरून खेळाडूचा वंश आणि लिंग ओळखून तिला लक्ष्य केले जाते, असे त्यांना आढळले. अशा छळापासून वाचण्यासाठी अनेक खेळाडू ध्वनिसंवाद बंद ठेवतात. परिणामी सांघिक खेळातील संवादाचा लाभ त्यांना मिळत नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘गेमरगेट’ या प्रकरणात या शब्दांना राजकीय धार आली. त्यात सहभागी झालेल्यांनी आपला आक्षेप ‘गेम पत्रकारितेतील नैतिकते’विषयी असल्याचे सांगितले, मात्र मोहिमेदरम्यान अनेक स्त्री विकसक, समीक्षक आणि पत्रकारांचा संघटित छळ झाला. त्याच महिन्यात ‘गेमर’ ही ओळख कालबाह्य झाल्याचे मत मांडणारे लेख प्रसिद्ध झाले. हा शब्द स्वतःची ओळख म्हणून बाळगणाऱ्या अनेकांना ते लेख अपमानास्पद वाटले.

उद्योगाची भाषा

आंतरराष्ट्रीय गेम विकसक संघटनेने २००५ मध्ये उद्योगातील मनुष्यबळाच्या विविधतेविषयी अहवाल प्रसिद्ध केला. सर्वेक्षणात उत्तरे देणाऱ्यांपैकी सुमारे ८८ टक्के पुरुष आणि सुमारे ८३ टक्के गोरे होते. त्यानंतर ‘विविधता’ हा शब्द उद्योगाच्या परिषदांमध्ये आणि धोरणांमध्ये नियमितपणे येऊ लागला.

यूबीसॉफ्ट या कंपनीच्या ‘असॅसिन्स क्रीड’ (२००७) या गेमच्या आरंभी, तो विविध धर्म व श्रद्धा असलेल्या बहुसांस्कृतिक चमूने बनवल्याचे निवेदन होते. तिसऱ्या क्रुसेडच्या पार्श्वभूमीवरील कथेमुळे धार्मिक पक्षपाताचा आरोप होऊ नये, हा त्याचा एक उपयोग होता. २०१५ मधील ‘असॅसिन्स क्रीड सिंडिकेट’मध्ये या निवेदनात लैंगिक कल आणि लिंगभाव-ओळख यांचाही उल्लेख आला. त्याआधी २०१४ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’मध्ये एकत्र खेळण्यासाठी स्त्री पात्र का नाही, या प्रश्नाला स्त्री पात्रासाठी हालचाली व पोशाख यांचे काम दुप्पट होते, असे उत्तर देण्यात आले होते. या उत्तरातील ‘अतिरिक्त काम’ ही कल्पनाच टीकेचा विषय ठरली. पुरुष पात्राचे काम मूळ कामात आणि स्त्री पात्राचे काम वाढीव कामात मोजले जाते, हे तिच्यातून दिसते, असे टीकाकारांचे म्हणणे होते.

मे २०२२ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड या कंपनीने पात्रांची विविधता मोजण्याच्या साधनाची माहिती प्रसिद्ध केली. त्यात वंश, वय, शारीरिक क्षमता, लिंगभाव इत्यादी निकषांवर पात्र ‘सर्वसाधारणा’पासून किती दूर आहे, हे अंकांत दाखवले होते. माणसाच्या ओळखीला गुण देण्याच्या कल्पनेवर सर्व बाजूंनी टीका झाली आणि कंपनीने आपले निवेदन बदलले. कोणत्याही मोजमापासाठी शून्यबिंदू ठरवावा लागतो, आणि विविधतेच्या बाबतीत तो शून्यबिंदू बहुधा गोरा, तरुण, सुदृढ पुरुष असतो, ही अडचण या प्रसंगी ठळकपणे समोर आली.

वादातील शब्द

‘ऐतिहासिक अचूकता’ : ही संज्ञा समावेशाच्या विरोधात आणि समर्थनार्थ अशी दोन्हीकडून वापरली जाते. मे २०१८ मध्ये दुसऱ्या महायुद्धावरील ‘बॅटलफील्ड ५’ ची झलक प्रदर्शित झाली. तीत कृत्रिम हात असलेली स्त्री सैनिक होती. हे चित्रण इतिहासाला धरून नाही, असा आक्षेप घेण्यात आला. उत्तरादाखल सोव्हिएत सैन्यातील लाखो स्त्रियांचे आणि ल्युदमिला पावलिचेन्को यांच्यासारख्या नेमबाजांचे दाखले दिले गेले. तर गेममध्ये दाखवलेली आघाडी वेगळी असल्याचे प्रत्युत्तर आले. त्याच वर्षी आलेला ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ हा गेम १४०३ मधील बोहेमियात घडतो. त्यात गौरेतर पात्रे नसल्याबद्दल टीका झाली आणि त्याचे समर्थनही ऐतिहासिक अचूकतेच्याच आधारे करण्यात आले. मार्च २०२५ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’मध्ये यासुके हे एक मुख्य पात्र आहे. सोळाव्या शतकात जपानी सरदार ओदा नोबुनागा याच्या सेवेत असलेला यासुके हा आफ्रिकी पुरुष ऐतिहासिक व्यक्ती आहे. येथे वाद त्याच्या अस्तित्वाविषयी नसून त्याला ‘सामुराई’ म्हणावे की नाही, या एका शब्दाविषयी होता.

‘लादलेली विविधता’ : कथेच्या गरजेपेक्षा बाह्य दबावामुळे पात्रे समाविष्ट केली, असे वाटल्यास हा शब्दप्रयोग केला जातो. काही खेळाडू तो कच्च्या लेखनाविषयीच्या प्रामाणिक तक्रारीसाठी वापरतात. टीकाकारांच्या मते पात्राचे कथेतील स्थान न तपासता केवळ त्याच्या वंशावरून किंवा लिंगावरून ते ‘लादलेले’ ठरवले जाते, आणि हीच कसोटी गोऱ्या पुरुष नायकाला कधी लावली जात नाही.

‘वोक’ : हा शब्द मूळ आफ्रिकी-अमेरिकी बोलीतील असून अन्यायाविषयी जागरूक असा त्याचा अर्थ होता. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो विरोधकांकडून उपहासाने वापरला जाऊ लागला. विविधता, समता व समावेशन या धोरणांसाठीचे ‘डीईआय’ हे लघुरूपही अशाच रीतीने प्रशासकीय संज्ञेपासून आरोपापर्यंत पोहोचले. २०२४ मध्ये कथालेखनाविषयी सल्ला देणाऱ्या ‘स्वीट बेबी’ या कॅनडातील कंपनीविरुद्धच्या ऑनलाइन मोहिमेत या दोन्ही शब्दांचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला.

सुगम्यता आणि काठिण्य

अपंग खेळाडूंच्या संदर्भात ‘सुगम्यता’ ही प्रमुख संज्ञा आहे. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने मर्यादित हालचाल असलेल्या खेळाडूंसाठी अनुकूल नियंत्रक बाजारात आणला. ‘द लास्ट ऑफ अस, भाग २’ (२०२०) मध्ये सुगम्यतेचे ६० हून अधिक पर्याय देण्यात आले. या क्षेत्रात सुगम्यता आणि सोपेपणा या दोन कल्पनांची गल्लत वारंवार होते. उपशीर्षके, रंगभेदाचे पर्याय किंवा बटणांची फेररचना यांमुळे गेमचे आव्हान कमी होत नाही. ते आव्हान अधिक लोकांपर्यंत पोहोचते.

काठिण्यपातळ्यांच्या नावांतूनही खेळाडूविषयीची वृत्ती प्रकट होते. ‘वोल्फेनस्टाइन थ्रीडी’ (१९९२) मध्ये सर्वांत सोपी पातळी निवडणाऱ्यास बाळाची टोपी घातलेला नायक दिसतो. याउलट ‘सेलेस्ट’ (२०१८) या गेममध्ये ‘साहाय्य प्रकार’ अशा नावाने गेमचा वेग व नियम बदलण्याची सोय आहे. तिच्या मूळ सूचनेत हा गेम प्रथम साहाय्याविना खेळावा, अशी शिफारस होती. अशा सूचनेमुळे साहाय्याची गरज असलेल्यांचा खेळ दुय्यम ठरतो, हे लक्षात आल्यावर विकसकांनी २०१९ मध्ये तिचे शब्द बदलले. गेमचे नियम तेच राहिले. बदलला तो केवळ मजकूर.

भारतीय संदर्भ

भारतात गेममधील चित्रणाविषयीची चर्चा बहुधा ‘सन्मान’ आणि ‘भावना दुखावणे’ या शब्दांत होते. २००८ मध्ये ‘फॉलआउट ३’ हा गेम सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देऊन भारतात प्रकाशित करण्यात आला नाही. २०१२ मध्ये ‘स्माइट’ या देवदेवतांच्या युद्धावरील गेममध्ये कालीसारख्या हिंदू देवतांच्या चित्रणावर अमेरिकेतील हिंदू संघटनेने आक्षेप घेतला. प्रतिनिधित्वाच्या पाश्चात्त्य चर्चेत सहसा समावेशाची मागणी असते. येथे मागणी वगळण्याची होती. पूज्य देवतेला खेळाडूने हाताळावयाचे पात्र बनवणे हाच आक्षेपाचा मुद्दा होता.

पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ (२०२०) हा गेम हिंदू पुराणकथा आणि राजस्थानी वास्तुशैली यांवर आधारित आहे. भावाच्या शोधात निघालेली राजी ही मुलगी त्याची नायिका आहे. ‘वेंबा’ (२०२३) हा कॅनडातील गेम तेथे स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाची कथा स्वयंपाकाच्या माध्यमातून सांगतो. त्याआधी २०१४ मध्ये अलास्कातील इन्युपियाक समाजाच्या सहभागातून ‘नेव्हर अलोन’ हा गेम तयार झाला होता. त्याचे निवेदन इन्युपियाक भाषेत आहे. अशा गेममुळे एखाद्या समाजाविषयी गेम आणि त्या समाजाने घडवलेला गेम यांतील भेद चर्चेत आला.

मराठी परिभाषा

मराठीत या विषयाची परिभाषा अद्याप स्थिर झालेली नाही. ‘विविधता’ आणि ‘वैविध्य’ हे शब्द समानार्थाने वापरले जातात. ‘समावेशकता’, ‘सर्वसमावेशकता’ आणि ‘समावेशन’ यांपैकी पहिले दोन गुणवाचक, तर तिसरा कृतिवाचक आहे. इंग्रजीत एकत्र असलेले दोन अर्थ मराठीत ‘चित्रण’ आणि ‘प्रतिनिधित्व’ या दोन शब्दांनी वेगळे दाखवता येतात. सामाजिक अर्थाने घडणाऱ्या ओळखीसाठी, शारीरिक ‘लिंगा’पासून ती वेगळी दाखवण्याकरिता, ‘लिंगभाव’ ही संज्ञा स्त्री-अभ्यासात रूढ आहे.

कल्पनारम्य जमातींसाठी योग्य शब्द निवडणे मराठीत विशेष कठीण आहे. ‘वंश’ या शब्दाला कुळाचाही अर्थ आहे. ‘जात’ हा शब्द आंब्याच्या किंवा गुरांच्या प्रकारासाठी सहज वापरला जात असला, तरी जातिव्यवस्थेच्या संदर्भामुळे पात्रनिर्मितीच्या पडद्यावर तो तटस्थ राहू शकत नाही. जन्माने ठरणारी क्षमता व जन्माने ठरणारा व्यवसाय ही या गेममधील नेहमीची रचना मराठी वाचकाला अमेरिकी वंशवादाआधी जातिव्यवस्थेचीच आठवण करून देते. ‘प्रजाती’ आणि ‘जमात’ हे पर्याय उपलब्ध आहेत. त्यांपैकी ‘जमात’ला अनुसूचित जमातींचा प्रशासकीय संदर्भ आहे.

समूहांच्या नावांबाबतही मतभेद आहेत. ‘दिव्यांग’ हा शब्द २०१५ नंतर शासकीय व्यवहारात आला. अपंगत्वाला दैवी म्हटल्याने हक्कांचा प्रश्न झाकला जातो, असे म्हणून अपंग हक्क चळवळीतील अनेकांनी त्याला विरोध केला. ‘तृतीयपंथी’ हा शब्द प्रचलित असला, तरी तो एका विशिष्ट समुदायाचा वाचक असल्याने व्यापक अर्थाने ‘पारलिंगी’ हा शब्द वापरला जातो.

सर्वनामांच्या बाबतीत मराठीचे व्याकरण इंग्रजीहून वेगळे आहे. मराठीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांतून बोलणाऱ्याचे लिंग प्रथमपुरुषातही प्रकट होते. इंग्रजीतील लिंगनिरपेक्ष एकवचनी सर्वनामाला ‘ते’ हा प्रतिशब्द योजल्यास तो नपुंसकलिंगी एकवचन किंवा पुरुषासाठीचे आदरार्थी बहुवचन म्हणून वाचला जातो. स्त्रीसाठी आदरार्थी रूप ‘त्या’ असे आहे. दुसरीकडे ‘तू जिंकलास’ व ‘तू जिंकलीस’ असा भेद असला, तरी ‘तुम्ही जिंकलात’ हे रूप सर्वांना सारखेच लागू होते. तसेच ‘मी दार उघडले’ या रचनेत क्रियापद कर्मानुसार चालत असल्याने कर्त्याचे लिंग दिसत नाही. त्यामुळे खेळाडूला ‘तुम्ही’ असे संबोधणारा गेम त्याचे किंवा तिचे लिंग न विचारताही शुद्ध मराठीत त्यांच्याशी बोलू शकतो. मात्र पात्राला स्वतःविषयी ‘मी’ म्हणून बोलावयाचे झाल्यास बहुतेक वाक्यांत लिंगाची निवड टाळता येत नाही.